पाहुण्याला सांगायचं कुणी?

काकांचा जुना कॉम्प्युटर गेला तो ऐन दुपारी, चहाच्या वेळी, आणि निमूटपणे तर मुळीच गेला नाही. आधी त्याचा पंखा म्हशीसारखा हंबरला, मग पडद्यावर निळा रंग पसरला, मग जळक्या धुळीचा वास सुटला, आणि मग घरात अशी काही शांतता पसरली की काकू हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"काय झालं?"

"गेला," काका म्हणाले.

"कोण गेलं?" काकूंच्या आवाजात आशेची एक बारीकशी लकेर होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीतलं वर्तमानपत्र खाली आलं. "मी इथेच आहे, बाळे," मामा म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. पन्नाशी उलटलेल्या बहिणीला ते अजून 'बाळे' म्हणत. दोन दिवसांसाठी आले होते. कधी, ते आता कुणी बोलत नसे. आल्या दिवशी काकांच्या कामाच्या टेबलाला टेकून ठेवलेल्या लाकडी खुर्चीत ते बसले, आणि ती खुर्ची त्यांच्या अंगाला अशी बेतली गेली की शिंप्यानेही मान डोलवावी.

काका धातूवर अक्षरं कोरत. दारावरच्या पाट्या, करंडक, पदकं, सगळं. पुढच्या खोलीत, त्याच टेबलावर, त्यांचं कोरायचं यंत्र होतं. त्याला सगळे 'म्हातारी' म्हणत. म्हातारीचा एकच हात होता, पण त्या हाताच्या टोकाने ती पितळेवर असं वळण काढायची की शाळेतल्या सुंदर हस्ताक्षरवाल्या मुलींनी पाटी-पेन्सिल खाली ठेवावी. तिचा हट्ट एकच. ती फक्त तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचं ऐकायची, आणि तो प्रोग्रॅम फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा. म्हणजे कॉम्प्युटर गेला, तर म्हातारी मुकी.

"संपलं," काका स्टुलावर बसत म्हणाले. "शाळेची पाटी तेवढी अंगावर घेतली आहे. ती कशीही करून देतो. जमली तर ठीक, नाही तर म्हातारी भंगारात आणि मी मेव्हण्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकतो."

एक खुर्ची काकूंना पेलवत नव्हती, तिथे दोन! त्यांनी लगेच भिंतीवर थापा मारल्या. भिंतीपलीकडे दीर-जाऊ राहत आणि त्यांची नववीतली मुलगी. तिला सगळे ठिणगी म्हणत, कारण ती जिथे जाईल तिथे काहीतरी पेटायचं.

ठिणगी आली ती धावतच. शाळेची पाटी काकांना मिळाली होती तीच मुळी तिच्यामुळे. शाळेत नवं वाचनदालन होत होतं, आणि मोठ्या बाईंसमोर उभं राहून "माझे काका करतील की, बाई!" असं ती सगळ्या वर्गादेखत बोलून आली होती. पाटी चुकली असती, तर काकांची म्हातारी गेली असती आणि ठिणगीचं नाक गेलं असतं.

तिने जुन्या कॉम्प्युटरचं पोट उघडलं, आत डोकावली आणि म्हणाली, "डिस्क शाबूत आहे. काका, आपण जुना कॉम्प्युटर काकूच्या लॅपटॉपमध्ये घालू."

काकांनी आधी जुन्या खोक्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपच्या जाडीकडे. "मावेल?"

"अहो काका, खोकं नाही, आतला जीव! व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर."

ती रात्र होईपर्यंतही थांबली नाही, संध्याकाळच्या आतच तिने काम उरकलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली, आणि त्या खिडकीत, आश्चर्य म्हणजे, मघाशी मेलेला कॉम्प्युटर जागा झाला! तोच त्याचा सुरू व्हायचा सूर, तेच चित्र. चित्रात काकू होत्या, तरुण, दोन वेण्या घातलेल्या, कसल्यातरी कठड्याला टेकून हसणाऱ्या. काकांनी तो फोटो कित्येक वर्षांपूर्वी लावला होता आणि म्हातारीच्या तेलाच्या शिंतोड्यांखाली तो कधीचा दिसेनासा झाला होता.

"अगंबाई," काकू पुटपुटल्या. "मी ह्यात अजून आहे?"

"आणि हे बघ," काकांनी खिडकीच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवलं. घड्याळ कित्येक वर्षं मागे होतं. "म्हणजे आत अजून तेच साल चालू आहे. आत माझे केस काळे असतील."

मामांनीसुद्धा वर्तमानपत्राची घडी केली.

आता इथपर्यंत सगळं नवलाचं झालं, पण नवलाबरोबर चार दिवस राहिलं की त्याचे खरे रंग कळतात. पहिली गोष्ट, ती खिडकी एवढीशी होती की काका पडद्याला नाक लावून काम करत. दुसरी, पडद्यावरचा बाण एकदा आतल्या खिडकीत शिरला की बाहेर येईना. त्याला सोडवायला एक खास बटण दाबावं लागायचं आणि ते कुठलं, हे काका दर खेपेला विसरत. मग काकू ओरडत, "अहो, माझा बाण सोडा! मला बहिणींना मेसेज पाठवायचाय!" मग भिंतीवर थापा, मग ठिणगी. तिसरी गोष्ट, बाहेरून कॉपी केलेलं आत पेस्ट होईना. आणि चौथी तर कहरच. म्हातारीचा प्रोग्रॅम कामाची तारीख आपणहून कोपऱ्यात कोरायचा. पत्र्याच्या एका रद्दी पट्टीवर कोरून पाहिलं, तर वाचनदालनाची तारीख निघाली शाळा बांधायच्या आधीची.

"हा असा का वागतो गं?" काकांनी विचारलं.

"कारण त्याला माहीतच नाहीये, काका," ठिणगी टेबलावर मांडी घालून बसली. "तो आत आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत, हे आपलंच घर आहे, आपलंच घड्याळ बरोबर आहे. बाहेर एक मोठा कॉम्प्युटर आपल्याला पोसतोय, ह्याचा त्याला पत्ताच नाही."

"बिचारा," काका म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

"मग त्याला सांगायचं कुणी?" काकूंनी विचारलं.

"त्यासाठीच तर साधनं असतात! गेस्ट टूल्स. पाहुण्याच्या अंगात बसवायची. एकदा बसवली, की त्याला कळतं, आपण कुणाच्यातरी घरी आलोय. मग तो यजमानाच्या घड्याळाप्रमाणे वागतो. देतील तेवढ्या जागेत मावतो. कुणाची वाट अडवत नाही. दिलेलं घेतो, मागितलेलं देतो."

काकू हे सगळं कान देऊन ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. "अशी साधनं," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "फक्त कॉम्प्युटरलाच बसतात का गं?"

कोपऱ्यात वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं.

साधनं बसवायचा सोहळा सगळ्यांनी बघितला. ठिणगी म्हणाली, "आता त्याच्यात सीडीची तबकडी घालायची," तेव्हा काकांनी लगबगीने खिशातून मऊ फडकं काढलं.

"कुठाय तबकडी? पुसून देतो."

"ती नसतेच, काका. तबकडी घातली, असं त्याला फक्त सांगायचं."

"आणि तो विश्वास ठेवतो?"

"लगेच!"

"न बघता?"

"हे बघा," ठिणगीने एक बटण दाबलं, आणि आतल्या कॉम्प्युटरने खरोखरच, कुठेही नसलेली तबकडी मिळाल्याचं कळवलं. काकांनी हातातलं फडकं हळूच घडी करून खिशात ठेवलं. देवळातून बाहेर पडताना माणूस जसा चेहरा करतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग एक निळी पट्टी भरत गेली, भरत गेली, आतला कॉम्प्युटर मिटला आणि पुन्हा उघडला. आणि काय सांगावं! ती एवढीशी खिडकी नाटकाच्या पडद्यासारखी दोन्हीकडे सरकत सरकत अख्खा लॅपटॉप व्यापून बसली. तरुण काकू पडदाभर हसल्या. कोपऱ्यातल्या घड्याळाने इतक्या वर्षांची उडी एका टिचकीत मारली आणि आजच्या संध्याकाळी येऊन उभं राहिलं. बाण आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला, जणू मधे उंबराच नव्हता. काकांनी बाहेर एक शब्द कॉपी करून आत पेस्ट केला. तो पोचला.

"पोचला!" काका ओरडले. परदेशी गेलेल्या मुलाची तार आल्यासारखे ओरडले.

"ह्याला म्हणतात पाहुणा," मामा खुर्चीतून दाद देत म्हणाले. "शिकावं लोकांनी."

काकू पटकन आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ठिणगी शाळेत होती आणि काका पाटी कोरायला बसले. पितळेची पाटी एकच होती, आरशासारखी घासलेली, चार कोपऱ्यांना स्क्रूची चार भोकं पाडलेली. मोठ्या बाईंनी पाठवलेला मजकूर लॅपटॉपवर आला होता, चार ओळींचा:

या वाचनदालनाचे दार
माननीय प्रमुख पाहुण्यांनी
सर्व वाचकांसाठी
आनंदाने उघडले

प्रमुख पाहुण्यांचं नाव बाईंनी मुद्दामच घातलं नव्हतं. नाव घातलं की पाहुणे ऐनवेळी बदलतात, असा त्यांचा अनुभव होता. पण यंदाही तेच साहेब येणार, हे शाळेतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. साहेबांचं भाषण सुरू होताना पहिलीत असलेली मुलं ते संपेपर्यंत दुसरीत जातात, अशी त्यांची ख्याती होती.

काकांनी तो मजकूर कॉपी केला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की म्हातारीला तेल घालायचं राहिलंय. तेलाचा डबा माळ्यावर होता. काका माळ्यावर चढले.

तेवढ्यात काकू लॅपटॉपपाशी आल्या. काल-परवापर्यंत त्यांना हे शक्यच नव्हतं, कारण बाण आत कोंडलेला असायचा. पण आता साधनं बसली होती, वाट मोकळी झाली होती. काकूंना तीन बहिणी. घराण्याचा एक ग्रुपही होता, पण त्यात मामा होते. म्हणून मामांविषयीचं काही असलं, की काकू एक मेसेज लिहीत, तो कॉपी करत आणि तिघींना वेगवेगळा पाठवत. मामांनी चुकून बघितलं तर कळू नये, म्हणून त्या 'दादा' न लिहिता 'पाहुणा' लिहीत. आणि लांब ओळ डोळ्यांना झेपत नाही, म्हणून तोडून तोडून लिहीत. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, कॉपी केलं, तिघींना धाडलं आणि गॅसवरचं उतू जाऊ नये म्हणून आत पळाल्या.

काका तेल घेऊन खाली उतरले. त्यांनी म्हातारीचा प्रोग्रॅम उघडला आणि पेस्ट केलं.

आता कुणी म्हणेल, त्यांना दिसलं कसं नाही? तर त्या प्रोग्रॅमची एक जुनी खोड होती. मराठी अक्षरं त्याला पडद्यावर दाखवताच येत नसत. तिथे नुसते रिकामे चौकोन दिसत. धातूवर मात्र अक्षरं अशी उमटत की बघत राहावं. काका ह्याला चमत्कार मानत, आणि चमत्काराला उलट प्रश्न विचारायचा नाही असा त्यांचा शिरस्ता होता. ते फक्त ओळी बघत. चार ओळी हव्या होत्या. चौकोनांच्या चार ओळी होत्या. काकांनी हात जोडले आणि बटण दाबलं.

ठिणगी शाळेतून आली तेव्हा म्हातारीचा हात नुकताच थांबला होता. पाटीवर तेल आणि पितळेचा भुगा मिळून काळा चिखल झाला होता, खाली काय कोरलंय ते दिसत नव्हतं. ती पुसायचं काम मामांचं. ह्या घरातलं त्यांचं हे एकमेव अधिकृत काम, आणि तेही खुर्चीत बसून. मामांनी पाटी मांडीवर घेतली, फडकं फिरवलं आणि आपल्या भारदस्त आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'पाहुणा अजून इथेच आहे.'"

काका हसतमुखाने मान डोलवत होते, ती मान मधेच थांबली.

"'खुर्ची सोडायचं नाव नाही.'"

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं.

"'तोंडावर सांगायची चोरी. तुमच्यापैकीच कुणीतरी बोलावून न्या.'" मामांनी पाटी लांब धरून पाहिली, मग जवळ धरून पाहिली आणि पोट धरून हसायला लागले. "काय हो भाऊजी, ही कुणाची ऑर्डर? फर्मास लिहिलंय! कोण म्हणायचा हा एवढा चिकट माणूस?"

काका छताकडे बघायला लागले. ठिणगी स्वतःच्या बुटांकडे. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अशा माणसाला ना, सरळ सांगावं," मामा डोळे पुसत म्हणाले. "लाज कसली? अरे बाबा, दोन दिवस आलास, ठीक आहे, पण म्हणून..."

आणि मग त्यांनी मान वळवून आपल्या खुर्चीचा एक हात पाहिला. मग दुसरा. पडदा हळूहळू सरकत जावा, तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"बाळे," ते म्हणाले, "हा पाहुणा... मी आहे का गं?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यातच सगळं आलं.

मामा उठले. कुणावर ओरडले नाहीत, हेच वाईट होतं. "मला वाटलं, मी घरचाच आहे," एवढंच म्हणाले आणि आत बॅग भरायला गेले.

"काका, पाटी!" ठिणगीने काकांना हलवलं. "कार्यक्रम उद्या आहे!"

"पाटी एकच होती, ठिणगे. गेली."

"मागची बाजू कोरी आहे ना! पाटी भिंतीला लागणार. मागे काय लिहिलंय, ते भिंतीशिवाय कोण वाचतंय?"

काकांच्या जिवात जीव आला. पण ह्या खेपेला धोका नको, म्हणून आधी त्यांनी रद्दी पट्टीवर करून पाहिलं. ठिणगीने मजकूर दोनदा तपासला, कॉपी केला, पेस्ट केला. म्हातारी सुरू झाली. पट्टी पुसली, तर अक्षरं थरथरलेली! 'दार' असं दिसत होतं जसं काही ते थंडीने कुडकुडतंय.

ठिणगीने साधनं काढून पुन्हा बसवली. अक्षरं थरथरली. तिने आतला कॉम्प्युटर तीन वेळा बंद करून उघडला. थरथरली. तिने वायर बदलली, जोड बदलला, शेवटी म्हातारीची माफीही मागितली. अक्षरं आपली कुडकुडतच होती.

"टूल्स बरोबर आहेत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "सगळं मघासारखंच आहे! मघाशी आणि आत्ता फरक काय आहे?"

काकांनी टेबलाच्या पायाला हात लावला. टेबल डुगडुगलं. त्यांनी टेबलाला टेकलेल्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मेव्हणे उठले."

खोलीतले सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे असे बघत राहिले, जसं काही तिच्यातून प्रकाश येतोय. इतके महिने म्हातारी एकही अक्षर न चुकता कोरत होती, ती काकांच्या तेलामुळे नव्हे, ठिणगीच्या अकलेमुळे नव्हे. एक माणूस हलत नव्हता म्हणून!

ठिणगी लगेच खुर्चीत बसली. टेबलाला पत्ताही लागला नाही. तिने दप्तर मांडीवर घेतलं, तरी नाही. मग काकू बसल्या. टेबल जरा शांत झालं, पण काकूंना बसायची सवयच नव्हती. "दूध बघते," म्हणून उठल्या. बसल्या. "दार वाजलं का?" म्हणून उठल्या. म्हातारीच्या हाताला काही कळेना.

"तू जा," काका काकूंना म्हणाले. "तुलाच सांगावं लागेल."

मामा दारात बूट शोधत होते. बूट इतक्या दिवसांत कुणी घातलेच नव्हते. सापडले तेव्हा एका बुटात कोळ्याने संसार मांडला होता. मामा त्या कोळ्याकडे बघत उभे होते, बहुधा त्याला काय सांगावं ह्या विचारात.

"दादा," काकू म्हणाल्या. "चल, बस."

"कशाला गं?"

"टेबल हलतंय."

मामांना काही समजेना. मग ठिणगीने त्यांच्यासमोर दोन पट्ट्या धरल्या, एक ते बसलेले असतानाची, एक उठल्यानंतरची. मामांनी त्या बराच वेळ पाहिल्या. एखाद्याला पहिल्यांदाच स्वतःचा एक्स-रे दाखवावा, तसे ते बघत होते.

"हे मी केलं?"

"काहीही न करता!" ठिणगी म्हणाली.

मामांनी बॅग खाली ठेवली, कोळ्याला त्रास न देता बूट परत कोपऱ्यात ठेवले, ताठ मानेने चालत गेले आणि खुर्चीत बसले. टेबल गप्प झालं. म्हातारीने पाटीच्या मागच्या बाजूला चार ओळी अशा कोरल्या, की काकांच्या सगळ्या जन्मात तशा कोरल्या गेल्या नव्हत्या. खबरदारी म्हणून काकांनी पहिल्या मजकुरावर जाड खाकी कागद खळीने चिकटवून टाकला. भिंतीच्या आतलं भिंतीच्या आत.

फक्त एकच गोष्ट कुणी विचारली नव्हती. मोठ्या बाईंनी भिंत बांधलीच नव्हती. वाचनदालनाच्या दर्शनी बाजूला त्यांनी काच बसवली होती, वरपासून खालपर्यंत! पाटी बाहेरून काचेवर लागली, स्क्रूंवर बोटभर अंतर राखून. बाहेरून वाचनदालनाचं दार आनंदाने उघडलेलं, आणि आतून, काचेतून, खाकी कागद.

कार्यक्रम वाचनदालनाच्या आतच होता; काका, काकू आणि मामा शेवटच्या रांगेत बसले. काकांचा रुमाल पिळून काढण्यासारखा झाला होता. "चिकटलाय ना नीट?" ते पुन्हा पुन्हा विचारत. ठिणगी पाण्याचा पेला घेऊन साहेबांच्या बाजूला उभी होती. श्रोत्यांची पाठ काचेकडे होती. काचेकडे तोंड होतं फक्त दोघांचं, साहेबांचं आणि तिचं.

साहेबांनी घसा खाकरला. "मी आपला फार वेळ घेणार नाही."

सगळ्या दालनाने एक लांब श्वास सोडला. मागच्या बाकावर दोन शिक्षकांनी डोळे मिटले. बाहेर वारा सुटला. आणि ठिणगीने पाहिलं, की खाकी कागदाचा वरचा कोपरा सुटलाय.

कागद इतका सावकाश वाकत होता की बघणाऱ्याचा जीव जावा. साहेब पुस्तकांच्या इतिहासात शिरले, तेव्हा पहिली ओळ उघडी पडली. साहेबांची नजर तिच्यावर गेली. "पुस्तक हे... पुस्तक हे..." ते थबकले. दुसरी ओळ आली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्या ओळीला त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला आणि ठिणगीने पेला दिला. कागद सुटून खाली गेला आणि चौथी ओळ पितळेत लखलखली.

"तर मित्रहो," साहेब म्हणाले, "एवढं बोलून मी थांबतो."

आणि ते थांबले!

टाळ्या पडल्याच नाहीत, कारण कुणाचा विश्वासच बसला नाही. मागच्या बाकावरचे शिक्षक दचकून जागे झाले. आभार मानायचे सर अजून आभारांची पहिली ओळ लिहीत होते. मोठ्या बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या, कुणी समुद्र थांबवून दाखवावा तशा बघत. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या शाळेत कधी झाला नव्हता.

साहेब मात्र थेट शेवटच्या रांगेकडे आले. "ही पाटी कुणी केली?"

काका उभे राहिले. आता म्हातारी भंगारात, हे त्यांनी मनातल्या मनात मान्य करून टाकलं. "मी केली. साहेब, मागची बाजू... ती चुकून..."

"चुकून?" साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "'तोंडावर सांगायची चोरी!' अहो, माझ्या मनातलं लिहिलंत. आमच्याकडे माझ्या बायकोचे मामेभाऊ येऊन राहिलेत. कधीचे, विचारू नका. ते वाचलं आणि मला पुढे बोलवेचना. मला अशीच एक करून द्या. दिवाणखान्यात लावतो, त्यांच्या खुर्चीसमोर."

काकांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. साहेब चेष्टा करत नव्हते.

"काकू," ठिणगी कानाशी लागली, "ह्यांना वाटलंच नाही की हे त्यांच्याबद्दल..."

"गप," काकू पुटपुटल्या. "वाटायला टूल्स लागतात."

घरी आल्यावर काकांनी म्हातारीला तेल घातलं, अंगावरून हात फिरवला आणि तिला भंगारात काढायचा विचार सोडून दिला. मग कोपऱ्याकडे वळून म्हणाले, "मेव्हणे, बसा. काम आलंय."

मामा बसले. टेबल गप्प झालं.

काकूंच्या धाकट्या बहिणीचं उत्तर येऊन पडलं होतं, 'पाहुण्याला इकडे पाठव.' काकूंनी लॅपटॉप ओढला आणि लिहिलं, 'कोण पाहुणा? इथे कुणी पाहुणा नाही.' तो मेसेज कॉपी करून त्यांनी तिघींना वेगवेगळा पाठवला आणि हात झटकत उठल्या. काकांनी बाण सरळ आत नेला, साहेबांच्या पाटीसाठी मघाशी कॉपी केलेलं पेस्ट केलं, बोट बटणावर नेलं आणि ते बोट तिथेच अधांतरी राहिलं.

"अगं," त्यांनी जपून विचारलं, "आत्ता तू काही कॉपी केलंस का?"

काकूंनी जीभ चावली. ठिणगीने पडद्यावर नाक टेकवलं. रिकामे चौकोन, ओळीने उभे.

"कोरा हो, भाऊजी," मामा खुर्चीत नीट रुतून बसत म्हणाले. "आधी रद्दी पट्टीवर कोरा. पुसून वाचायला मी बसलोय ना."